अकरा दिवसांची स्वस्त आवृत्ती

८ फेब्रुवारी

बबे,

परवा मामा येऊन गेला. तुझा निरोप त्याने जसाच्या तसा दिला. वाटेत घोकत आला असावा बिचारा. "ताईला म्हणावं, माझ्या अकरा दिवसांवर बंगला बांधला असशील तर फोटो पाठव." एवढं बोलून तो माझ्या खोलीत बंगला शोधल्यासारखा इकडेतिकडे बघायला लागला. कपाटामागच्या भिंतीला ओल आलीय, तिथे मी कॅलेंडर टांगलंय. त्याने ते जरा उचलून पाहिलं आणि परत सोडलं. चहा न घेताच गेला.

दोन वर्षांत तुझ्याकडून आलेलं हे पहिलं वाक्य. शिवी का असेना, माझ्या नावाने आली. म्हणून लिहितेय. फाडायचं तर फाड, पण वाचून फाड.

बंगला नाही. त्या पुस्तकावर मी चार वर्षं घालवली आणि त्यातून मला आजवर जे मिळालं, त्यात या खोलीचं सात महिन्यांचं भाडं निघालं. बास. या वर्षीचा हिशेब गेल्या आठवड्यात आला. त्यात चष्म्याची फ्रेम येते, काचा येत नाहीत. मी चष्म्याच्या दुकानात उभी राहून हे पाहिलंय, उगाच बोलायचं म्हणून बोलत नाही.

तुला वाटेल, लाखावर प्रती खपल्या असं पेपरात आलं होतं, मग पैसा गेला कुठे? मलाही तेच वाटायचं. पुस्तकाची किंमत बसच्या तिकिटाएवढी ठेवली होती. त्यातलं अर्धं दुकानदाराला, उरलेल्यातून कागद, छपाई, बांधणी, वाहतूक, प्रकाशकाचा नफा, आणि सगळ्यांची ताटं उचलून झाल्यावर जमिनीवर जे सांडलेलं असतं ते माझं.

लाखाव्या प्रतीचा त्यांनी समारंभ केला होता. माझ्या मुखपृष्ठाचं चित्र काढलेला, दोन हात लांबीचा केक. प्रकाशकाने सुरी माझ्या हातात दिली, वर स्वतःचा हात ठेवला आणि माझ्याच नावावरून सुरी फिरवली. लोक टाळ्या वाजवत होते. एक पत्रकार पोरगी म्हणाली, "मॅडम, आता नवीन गाडी कुठली घेणार?" मी हसले. हसले, बबे! त्या हसण्याची मला आजही शिसारी येते. मग तो भला मोठा गुच्छ मांडीवर घेऊन मी बसने घरी आले, आणि शेजारच्या बाईला त्या फुलांनी शिंका यायला लागल्या म्हणून उभी राहिले.

बसस्टँडवर माझं पुस्तक मोज्यांच्या ढिगाशेजारी असतं. एक माणूस बाकावर तेच अंथरून त्यावर बसला होता. बाक ओलं होतं. मी त्याला काही म्हणाले नाही. एवढ्या किमतीत रुमालही येत नाही, मग बसायला पुस्तकच परवडणार.

मी तुला रडगाणं ऐकवत नाहीये. तू बंगल्याबद्दल विचारलंस, त्याचं उत्तर दिलं.

ताई


२६ फेब्रुवारी

बबे,

तुझं उत्तर नाही. नसणारच. तरी मामाला फोन करून विचारलं, पत्र मिळालं का म्हणून. तो म्हणाला, "मिळालं. तिने वाचलं आणि दवाखान्यात गेली." म्हणजे फाडलं नाहीस. मला तेवढंही चालतं.

तुझ्या त्या दवाखान्यात काय झालं तेही मामाने सांगितलं. तू एका म्हाताऱ्याचा गुडघा वाकवत होतीस आणि तो पालथा पडल्यापडल्या माझं पुस्तक वाचत होता. "काय पण आई असते एकेक," तुला म्हणाला, "चार महिन्यांचं पोर बहिणीच्या घरी टाकून अकरा दिवस गायब! अशीला फटके द्यायला पाहिजेत." आणि तू त्याचा गुडघा मोजून वीस वेळा वाकवलास, वर एकदा जास्त नाही, एकदा कमी नाही. मी असते तर मोडला असता.

पुस्तकात तुझं नाव नव्हतं, गाव नव्हतं. बाईला मी नर्स केलं होतं. तिचा नवरा मेलेला दाखवला, तुझ्या नवऱ्यासारखा टाकून गेलेला नाही. मला वाटलं, एवढी झाकपाक पुरेल.

काल मी प्रकाशकाकडे गेले होते. त्याचं ऑफिस आता काचेचं आहे. दाराशी माझ्याच पुस्तकांचे गठ्ठे रचून त्यावर पिण्याच्या पाण्याचा जार ठेवलाय. नळ ठिबकतो, वरचा गठ्ठा फुगलाय.

"लाखाच्या वर गेलात मॅडम, आणि चेहरा असा काय?" तो म्हणाला.

"पुस्तक लाखाच्या वर गेलं. मी आहे तिथेच आहे," मी म्हणाले. "मला हा हिशेब समजावून सांगा."

त्याने करार काढला. बोट ठेवून ठेवून दाखवलं. मला मिळतं ते छापील किमतीवर नाही, त्याच्या हाती पडणाऱ्या रकमेवर. आणि कुणी घाऊक घेतलं, आणि प्रकाशकाने सत्तर टक्क्यांच्या वर सूट दिली, की त्या प्रतींवर मला शून्य. शाळा, कंपन्या, संस्था सगळे घाऊकच घेतात. "कलम नऊ," तो म्हणाला. "सही तुमचीच आहे."

"कागदवाला तुम्हाला सूट देतो?"

"तो कशाला देईल?"

"छापखाना? टेम्पोवाला?"

"त्यांना रोख लागतं, मॅडम."

"म्हणजे पुस्तक स्वस्त करायचं तर ते फक्त माझ्या अंगावरून."

तो जराही ओशाळला नाही. खुर्चीत रेलून म्हणाला, "हे बघा, कागद नसेल तर माझं काम अडतं. लिहिणारे रोज पाच येतात. कालच एक जण म्हणाला, पैसे नकोत, उलट मी देतो, पण छापा. आता तुम्हीच सांगा, मी काय करू?" आणि मग ते नेहमीचं, गरिबाला परवडलं पाहिजे, वाचन घराघरांत गेलं पाहिजे वगैरे. बोलताना त्याने कानात काडी घातली होती. गरिबांबद्दल बोलत होता आणि काडीला काय लागलंय ते बघत होता.

खोटं कशाला बोलू, त्याचं ते बोलणं सगळंच खोटं नाही. आमच्या इमारतीचा वॉचमन माझं पुस्तक वाचतो, एक एक शब्द जोडून. महाग असतं तर त्याच्या हाती कधी पडलं असतं? त्याला वाचताना पाहिलं की मला बरं वाटतं. मग मी जिना चढून वर येते, ओल बघते, आणि मला प्रश्न पडतो, त्या वॉचमनला पुस्तक परवडावं याचा सगळा खर्च माझ्या एकटीच्या माथी का? त्या काचेच्या ऑफिसातून त्यातलं थोडं का निघत नाही?

निघताना तो म्हणाला, "दुसरा भाग द्या. वाचक एकच विचारतात, ती बाई अकरा दिवस होती कुठे? तेवढं लिहा. या वेळी आधी रक्कम देतो, हातात चेक." त्याने टेबलाचा खण उघडलादेखील.

मी उठले.

ताई


१९ मार्च

बबे,

गेल्या पत्रात 'मी उठले' असं लिहून थांबले. वाक्य खोटं नव्हतं. फक्त उठताना चेक पर्समध्ये घातला, हे लिहायचं राहिलं.

राहिलं नाही. लिहिलं नाही.

दोन दाढा काढायच्या होत्या, घरमालकाचं थकलं होतं. ही कारणं खरी आहेत आणि ती सांगताना माझी मलाच किळस येते, कारण दाढ दुखत नसती तरी मी घेतला असता. पंधरा वर्षं लिहितेय. कुणी आधी पैसे देऊन माझ्याकडे लेखन मागितलंय, असं पहिल्यांदाच होत होतं. मी जिना उतरताना चक्क खूश होते.

चाळीस पानं झालीत. तू मला जे सांगितलं होतंस, माझ्या स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून, पोरीला माझ्याकडून घेताना, ते सगळं. ते लॉज, स्टँडमागचं. तो मॅनेजर, ज्याने तुझ्या ब्लाउजवरचे दुधाचे डाग पाहिले आणि काही न विचारता किल्ली दिली. हे तू फक्त मला सांगितलंस. आणि मी ते चांगल्या अक्षरात उतरवून काढतेय.

सुरू केलंच आहे तर सगळंच सांगून टाकते. पहिल्या पुस्तकाच्या वेळी प्रकाशकाने मला फसवलं, असं मी सगळ्यांना सांगत आले. मामालाही तेच सांगितलं. फसवलं नाही. त्याने माझ्यासमोर दोन कागद ठेवले होते. एकात नेहमीची किंमत, सहाशे प्रती, मला बऱ्यापैकी वाटा. दुसऱ्यात तिकिटाएवढी किंमत, लाख प्रती, आणि कलम नऊ. कलम नऊ मी वाचलं होतं, बबे. दोनदा वाचलं. तो म्हणाला, "घरी न्या, विचार करा." मी घरी नेलं नाही. तिथेच, त्याच्याच पेनाने, दुसऱ्या कागदावर सही केली.

मला सहाशे जण नको होते. मला सगळे हवे होते. ज्यांनी मला लग्नकार्यात 'अजून लिहितेस का' असं दुखणं विचारल्यासारखं विचारलं, ते सगळे. तुझ्या दवाखान्यातले सुद्धा. एकट्या स्वतःला स्वस्तात फुंकून टाकलं असतं तर माझं मी बघून घेतलं असतं, पण मी तुलाही त्याच भावात काढलं. सहाशे प्रती निघाल्या असत्या तर त्या ग्रंथालयात धूळ खात पडल्या असत्या आणि तुझ्या लेकीला काही कळलं नसतं.

आणि ती बोटं. बाळाच्या डाव्या पायाची दोन बोटं जुळलेली, हे पुस्तकात ठेवायची काही गरज नव्हती. मुद्रितं तपासताना ते वाक्य मी खोडलं होतं. मग परत घेतलं. वाक्य छान जमलं होतं गं. 'जन्मतःच दोघींनी एकमेकींना धरून ठेवलेलं.' या एका वाक्यासाठी मी तुझ्या पोरीचा पाय लाख लोकांपुढे उघडा केला. आणि त्याच वाक्यावरून तिने स्वतःला ओळखलं.

आता फाड हवं तर.

ताई


७ एप्रिल

बबे,

तुझी लेक काल आली होती, हे तुला माहीत आहे. आधी आईला फोन कर, मगच आत ये, असं मी तिला दारातच सांगितलं. ती जिन्यात जाऊन बोलली. मला तुझा आवाज काही ऐकू आला नाही. ती परत आली तेव्हा डोळे पुसलेले होते आणि म्हणाली, "आई म्हणते, सहाच्या बसने परत ये."

बबे, किती उंच झालीय! दारात उभी होती तर मला आधी तूच वाटलीस. चप्पल काढतानाही तशीच, एका पायाने दुसऱ्या पायातली.

तिने पिशवीतून पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. आत शाळेचा शिक्का, तिचं नाव, 'धावण्याच्या शर्यतीत द्वितीय'. मला वाटत होतं, वर्गात कुणीतरी आणलं असेल. मला हे माहीतच नव्हतं, की तिला ते स्टेजवर बोलावून बक्षीस म्हणून दिलं.

"मावशी, त्या वर्षी सगळ्यांना हेच दिलं," ती म्हणाली. "सर म्हणाले, पेनसेटपेक्षा हे स्वस्त पडलं."

मी पुस्तक उघडून तो शिक्का पुन्हा पाहिला.

"तुला एक विचारू? खरं सांगशील?"

मला वाटलं, ती तुझ्याबद्दल विचारणार. मी मनातल्या मनात उत्तर जुळवायला लागले. ती म्हणाली, "या पुस्तकाचे तुला किती मिळाले? सगळ्या प्रतींचे नाही, या एकाच प्रतीचे. माझ्या."

शाळेने पाचशे प्रती घाऊक घेतल्या होत्या. सत्तरच्या वर सूट. कलम नऊ. मी तिला सांगितलं, "काहीच नाही."

"काहीच नाही म्हणजे?"

"शून्य."

तिने पुस्तक उलटं केलं, मागची किंमत पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, ओरडेल. ती हळू आवाजात म्हणाली, "एवढ्यासाठी?"

बबे, आजवर माझ्यावर टीका झाली, लोकांनी पानंच्या पानं लिहिली. या एका शब्दाने मी जशी नागडी झाले तशी कधी झाले नाही. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिला माझी घाण वाटत होती. पायाला काही लागलं की आपण जसे खाली बघतो, तशी ती माझ्याकडे बघत होती. मी जास्त पैशात विकलं असतं तर तिला निदान हिशेब तरी लागला असता.

चाळीस पानं टेबलावरच होती. तिने वरची ओळ वाचली आणि ओळखलं. हुशार आहे. "यात आहे? आई कुठे होती ते?"

मी पानांवर हात ठेवला. "ते तुझ्या आईला विचार. सांगायचं की नाही ते तिने ठरवायचं."

"म्हणजे तू मला सांगणार नाहीस, पण विकणार आहेस." ती चप्पल घालायला लागली. "मग दुकानात आलं की घेईन. स्वस्तच असेल."

मी तिला बसस्टँडवर सोडायला गेले. रस्ता ओलांडताना ती गाड्यांच्या बाजूने चालली, मला आतल्या बाजूला ठेवून. हे तू शिकवलं असशील. बस हलल्यावर तिने खिडकीतून पाहिलं नाही.

आज सकाळी मी प्रकाशकाकडे जाऊन दुसरा भाग मिळणार नाही म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "मग चेक?" मी म्हणाले, "फेडीन." तो हसला. "कशातून मॅडम? लिहून?"

हो, लिहूनच. औषधांच्या डब्यात घडी घातलेला कागद असतो ना, बारीक अक्षरांचा, कुणी न वाचता फेकून देतं तो? ते लिहायचं काम धरलंय. चक्कर येऊ शकते, मळमळ होऊ शकते, लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये. असे दोन कागद लिहिले की माझ्या कादंबरीच्या हजार प्रतींपेक्षा जास्त मिळतात, आणि ठरल्या तारखेला मिळतात. खाली माझं नाव नसतं. वर्षभरात फिटेल. पहिल्या पुस्तकाचा करार पुढच्या मार्चमध्ये संपतो, तो मी वाढवणार नाही. छापून झालेल्या प्रती मात्र मला परत आणता येत नाहीत. त्या किलोवर विकल्या जातील, असं तो म्हणाला.

सोबत चाळीस पानं पाठवतेय. हाताने लिहिलेली आहेत, दुसरी प्रत नाही, मी फोटोही काढलेले नाहीत. या वेळी तरी माझ्यावर विश्वास ठेव, असं म्हणायला मला तोंड नाही. पण खरं आहे. जाळ, ठेव, तिला दे. ती पानं माझी नव्हती.

ताई


३० एप्रिल

ताई,

पानं मिळाली. जाळली नाहीत. परत मागू नकोस.

इकडे येऊ नकोस. मला अजून तुझं तोंड बघायचं नाही. पत्र टाकलंस तर वाचीन, एवढंच सांगू शकते.

पानांमध्ये चुका आहेत. बाराव्या पानावर मी खिडकीत बसून रडते. त्या खोलीला खिडकी नव्हती. आणि मी रडत नव्हते, झोपत होते. अकरा दिवसांतले नऊ तरी मी झोपून काढले असतील. पोर झाल्यापासून सलग दोन तास झोपले नव्हते. त्या मॅनेजरला तू देवमाणूस केलंस. त्याने आगाऊ भाडं घेतलं आणि गादीचे वेगळे लावले.

शेवटच्या पानावर, सकाळी टॉवेलला बाळाचा वास येतो आणि मी धावत सुटते. ते मीच तुला तसं सांगितलं होतं, तेव्हा चूक तुझी नाही. तुझ्या कडेवर माझी पोर होती, अकरा दिवस तू कामावर गेली नव्हतीस, तुझ्यासमोर खरं कसं सांगणार? तसला काही वास वगैरे आला नव्हता. पर्समधले पैसे संपले. बारावा दिवस परवडत नव्हता, म्हणून परत आले. परवडला असता तर काय केलं असतं, ते मला आजही माहीत नाही.

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. रविवारी तिला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. झोपेचं सांगितलं, गादीचं सांगितलं, पैसे संपल्याचंही सांगितलं. म्हटलं, पुस्तकातून कळण्यापेक्षा माझ्या तोंडून कळू दे.

ती उठली, माझ्या पाठीमागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बरं झालं, पैसे संपले."

बबी